बाळाच्या हाती

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत मूल जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी बाजारातून काही आणण्याची रीत नाही. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी शिवली, लंगोट फाडून ठेवले, की तयारी झाली. वस्तूंची खरी गर्दी होते ती बारशाच्या दिवशी. आत्या कुंची आणते, मामा चांदीचे वाळे आणतो, शेजारीण खुळखुळा आणते. अलीकडे या यादीत चाकांचा वॉकर, बॅटरीवर गाणारा घोडा आणि दिवे लुकलुकवणारा टेलिफोन यांची भर पडली आहे. रात्री पाहुणे पांगल्यावर बाळंतीण त्या ढिगाकडे पाहते. त्यातील प्रत्येक वस्तू कोणीतरी मायेने आणलेली असते. आणि मायेने आणलेल्या वस्तूला ‘ही नको’ म्हणणे घरातील धाकट्या सुनेला सोपे नसते.

दुकानात खेळणे निवडले जाते ते मोठ्यांच्या डोळ्यांनी. रंग, चकाकी, खोक्यावरचे हसरे चित्र यांवर नजर ठरते. पण ज्याच्यासाठी ते घेतले, ते बाळ त्याची पारख निराळ्याच इंद्रियाने करते. चार-पाच महिन्यांच्या बाळाच्या हाती काहीही द्यावे, ते क्षणभर न्याहाळून तोंडात घालते. मोठी माणसे याला वाईट खोड समजून रागावतात. वास्तविक ही त्याची अभ्यासाची रीत आहे. मऊ आणि कठीण, गार आणि ऊन, गुळगुळीत आणि खरबरीत हे सारे ते ओठांनी आणि जिभेने शिकत असते. तेव्हा खेळणे विकत घेणाऱ्याने ते चोखले, चावले, आपटले, ओढले तर त्याचे काय होईल, हे आधी पाहिले पाहिजे. दिसण्याचा विचार मग करावा.

बाळाची हुशारी वाढते तसा त्याचा धोकाही वाढतो, ही यातील विलक्षण गोष्ट आहे. सुमारे नवव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट साधते. घरची मंडळी कौतुकाने पाहत राहतात. त्याच चिमटीत आता जमिनीवर पडलेला शेंगदाणा, सुटलेले बटण, तुटलेल्या माळेतील मणी सापडू लागतो. लहान मुलाची श्वासनलिका साधारणपणे त्याच्या स्वतःच्या करंगळीइतकीच रुंद असते. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत यासाठी एक साधे नळकांडे वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. खेळणे किंवा त्याचा निघालेला तुकडा त्यात न दाबता पूर्णपणे मावला, तर ते तीन वर्षांखालील मुलाला देण्याजोगे नाही असे ठरते. घरी असे नळकांडे कोठून आणायचे? दहा रुपयांचे नाणे मात्र जवळ असते, आणि त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. त्या नाण्यापेक्षा लहान किंवा थोडीशीच मोठी असलेली वस्तू लहानग्याच्या हाती जाऊ नये, एवढे पथ्य कोणालाही पाळता येईल. शिवाय खेळणे घेताना ते जरा निर्दयपणे ओढून पाहावे. बाहुलीचे डोळे, गाडीची चाके, रबरी बदकाच्या बुडाशी बसवलेली शिट्टी हे सारे भाग प्रथम निखळतात. खुळखुळ्याचे दोन अर्धगोल नुसते चिकटवलेले असतील, तर एका आपटण्यात आतले मणी बाहेर येतात.

हा धोका केवळ दुकानातून येत नाही. तो सणासुदीच्या हौसेतूनही येतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बाळाचे बोरनहाण होते. काळे झबले, हलव्याचे दागिने, पाटावर बसलेले बाळ आणि त्याच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. सोहळा मोठा गोड असतो. पण ज्या बाळाची चिमूट नुकती साधली आहे, त्याच्याभोवती न चावता येणाऱ्या टणक पदार्थांचे असे कोंडाळे करणे धोक्याचे आहे. शेंगदाण्याची फोड किंवा हलव्याचा दाणा घशाऐवजी श्वासनलिकेत उतरला, तर तो रुग्णालयात दुर्बिणीने काढावा लागतो; आणि तेही बाळ तेथवर पोहोचले तर. आजीला हे सांगताना सुनेचा आवाज खाली येतो. ‘आमची नाही का झाली बोरनहाणे?’ हे उत्तर ठरलेले असते. त्या उत्तरात खोटे काही नाही. पुष्कळांची सुखरूप झाली. ज्यांची झाली नाहीत, त्यांच्या कथा घरात कोणी सांगत नाही, इतकेच. सण मोडण्याचे कारण मात्र नाही. बाळाला आईने मांडीवर घ्यावे, सूप त्याच्या डोक्यावरून ओवाळून बाजूच्या परातीत रिते करावे आणि लूट करण्याचा मान मोठ्या मुलांना द्यावा. आजीची हौसही भागते.

तरीही एखादे वेळी घास अडकतोच. बाळ जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडू लागले असतील, तर क्षणाचाही विलंब नको. वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे घेऊन, त्याचे डोके छातीपेक्षा खाली ठेवून, पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या बुडाने पाच थापा माराव्यात. वस्तू निघाली नाही, तर त्याला उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, आणि आलटूनपालटून हे चालू ठेवावे. तोवर दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. दिसत नसलेली वस्तू शोधण्यासाठी घशात बोट घालू नये. ती आणखी आत जाते.

बॅटरीच्या खेळण्यांविषयी एक गोष्ट सर्वांना ठाऊक असायला हवी. बटणासारखी चपटी, चकचकीत बॅटरी बाळाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर ओलसर ऊतीतून वीज वाहू लागते आणि अवघ्या दोन तासांत तेथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मूल वरून ठीक दिसते, आणि घरचे लोक ‘शौचावाटे पडेल’ म्हणून थांबतात. नाणे बहुधा तसे पडते. ही बॅटरी मात्र तेवढा वेळ देत नाही. तिच्यासाठी रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठावे. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त दिव्यांच्या खेळण्यांत बॅटरीचे झाकण नखानेही उघडते. ज्या झाकणाला स्क्रू नाही, ते खेळणे कितीही स्वस्त असले तरी घरात आणू नये.

झोपेच्या वस्तूंबाबत घराघरांतील परंपरा आणि आजचे वैद्यक यांचे थोडे वाजते. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी देतात. पहिल्या वर्षात बाळाला कोणतीच उशी नको, पाठीवर निजवावे आणि अंथरूण सपाट व घट्ट असावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मऊ गादीत किंवा उशीत नाक दबले तर मान वळवण्याचे बळ त्याच्यात नसते. पाळणा लाकडी असो वा लोखंडी, त्याच्या दोन गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा फार अधिक नसावे. पाळण्यावर टांगलेले रंगीत चिमण्यांचे झुंबर पहिल्या महिन्यांत उत्तम. पण बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागले, की ते आणि त्याच्या दोऱ्या काढून टाकाव्यात. साडीच्या झोळीत बाळ गोळा होऊन निजते, त्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो. मोठी भावंडे त्याच झोळीत गिरक्या घेतात, तेव्हा कापडाचा पीळ गळ्याभोवती बसतो. झोळीला नावे ठेवणे मात्र सोपे आहे. ऊसतोडीच्या फडात किंवा इमारतीच्या बांधावर काम करणाऱ्या आईला झाडाला बांधलेल्या झोळीवाचून दुसरा पाळणा कोणी दिलेला नाही. तिने झोळी नजरेच्या टप्प्यात आणि जमिनीपासून फार उंच नको अशी बांधावी, बाळाचे तोंड उघडे राहील असे पाहावे, आणि मोठ्या मुलांना तिच्यात खेळू देऊ नये, इतके म्हणता येते.

बारशाच्या ढिगातील सर्वांत मोठे खोके वॉकरचे असते. बाळ सात-आठ महिन्यांचे झाले, की त्याला त्या गोल बैठकीत बसवतात आणि ते घरभर सरकू लागते. आईला दोन घटका मोकळीक मिळते, मूल हसते, आणि ‘चालायला लागले’ असे सारे म्हणतात. परंतु ते चालत नसते. ते बैठकीत लोंबकळत असते आणि पायाच्या चवड्यांनी जमीन ढकलत असते. तोल सावरण्याचे काम बैठक करते. स्वतःचे पाय त्याला दिसतही नाहीत. उलट त्याचा वेग मात्र एका सेकंदाला तीन फुटांहून अधिक होऊ शकतो. जिन्याची पायरी, पेटती चूल, टेबलावरून लोंबणारे कापड आणि त्यावरचा चहाचा कप यांच्यापर्यंत ते आईच्या हाकेआधी पोहोचते. कॅनडा या देशाने एप्रिल २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवर बंदी घातली. जुना वापरलेला वॉकरही तेथे विकता येत नाही. भारतात तो राजरोस मिळतो.

त्याच्या शेजारी आपला जुना पांगुळगाडा ठेवून पाहावा. तीन चाके, एक उभी चौकट, धरायला आडवी दांडी. सुताराने दोन दिवसांत करावी अशी ही वस्तू. वॉकरमध्ये मूल आत बसते. पांगुळगाड्याच्या मागे ते उभे राहते. त्याला आधी स्वतः उठावे लागते, दांडी धरावी लागते, एक पाय उचलताना दुसऱ्यावर भार घ्यावा लागतो. पायांत बळ आले नसेल तर गाडा हलतच नाही, आणि हे त्याचे मोठेपण आहे. तो मुलाला चालवत नाही. मूल चालायला तयार झाले, की त्याच्या पुढे राहतो. अर्थात तोही अगदी निर्दोष नव्हे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याची लाकडी चाके जड चालत. आजच्या गुळगुळीत फरशीवर हलका गाडा मुलाच्या हातून निसटून पुढे धावतो आणि मूल तोंडघशी पडते. म्हणून गाड्याच्या बुडाशी वजन बांधावे, चाकांना जाड कापड गुंडाळावे आणि जिन्याचे दार लावून घ्यावे. लाकडाच्या कुसळ्या आणि वर आलेले खिळे यांकडेही पाहावे.

घराबाहेरच्या प्रवासासाठी एकच नियम येथे नोंदवावासा वाटतो, कारण तो फारसा कोणाला माहीत नाही. दुचाकीवर चार वर्षांखालील मुलाला नेताना त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा-पट्टा बांधावा, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला त्याच्या मापाचे शिरस्त्राण घालावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा, असा नियम केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केला आणि वर्षभराने तो लागू झाला. आई-बापांच्या मध्ये दाबून बसवलेले मूल सुरक्षित आहे, ही समजूत अजून रस्तोरस्ती दिसते.

रंगाचा प्रश्न अधिक फसवा आहे, कारण त्याचा अपाय दिसत नाही. जुन्या रंगांत चमक आणि टिकाऊपणा यांसाठी शिसे असे. ते थोडे थोडे पोटात गेले तरी वाढत्या मेंदूला इजा करते, आणि ती पुढे भरून येत नाही. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. म्हणजे त्याआधी रंगवलेला, तीन पिढ्यांनी वापरलेला, माळ्यावरून काढून पुसलेला घरचा पाळणा हा जिव्हाळ्याचा असला तरी संशयास्पद आहे. दात येताना बाळ नेमका त्याचाच कठडा कुरतडते.

कर्नाटकातील चन्नपट्टण येथील कारागिरांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधले होते. ते हलक्या, पांढऱ्या लाकडाचा तुकडा चरकावर फिरवतात आणि रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला झिलई देतात. रंग वनस्पतिजन्य असेल, तर असा खुळखुळा बाळाने चोखला तरी चिंता नसते. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे-भाज्याही मोहक असतात. मात्र त्या चोखण्यासाठी नसून मोठ्या मुलांच्या दुकान-दुकान खेळासाठी आहेत. वस्तू हाताची आहे म्हणून तिचा रंग नैसर्गिक असेलच असे नाही. विकणाऱ्याला विचारावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. रंग सुटला तर खेळणे परत करावे. रंग सुटला नाही म्हणून त्यात शिसे नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

त्यासाठीच सरकारने चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक केले. हा आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. खोक्यावर चिन्हासोबत आय.एस. ९८७३ हा मानकाचा आकडा आणि ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या भ्रमणध्वनी-अॅपवर तो क्रमांक खरा की खोटा हे पाहता येते. फुटपाथवरच्या ढिगात यातले काहीच नसते. खोक्यावर आणखी एक सूचना असते आणि तिचा अर्थ बहुतेकजण चुकीचा लावतात. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हे वाचून बाप म्हणतो, ‘आमचा दीड वर्षाचा आहे, पण फार हुशार आहे.’ त्या सूचनेचा बुद्धीशी काही संबंध नाही. तिचा संबंध घशाच्या रुंदीशी आहे.

सुरक्षित वस्तू रमवणारी असेलच असे नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात चारुदत्ताचा छोटा रोहसेन मातीची गाडी नको म्हणून रडतो, कारण शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिलेली असते. वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते आणि म्हणते, यातून सोन्याची करून घे. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले आणि महाराष्ट्राला ती गाडी परिचयाची झाली. रोहसेनाचे दुःख गाडीच्या मातीचे नव्हतेच. शेजारचे मूल दिसण्याआधी ती गाडी त्याला पुरली असती. आज शेजारच्या मुलाची जागा टीव्हीवरील जाहिरातीने घेतली आहे, आणि तिला भुलणारे बहुधा आई-बाप असतात. वर्षाच्या बाळाला अजून हेवा ठाऊक नसतो.

बॅटरीचा घोडा कळ दाबताच गातो, नाचतो, दिवे लावतो. सारे काही घोडाच करतो. मुलाला करण्याजोगे काही उरत नाही. ते दोन दिवस पाहते आणि पाठ फिरवते. स्वयंपाकघरातील तीन लहानमोठ्या वाट्या आणि एक झाकण दिले, तर ते मूल तासभर गढून जाते. कोणती वाटी कोणत्या वाटीत मावते, झाकण पालथे ठेवले की का डोलते, फरशीवर आणि चटईवर वेगवेगळे का वाजते, हे सारे त्याचे त्याला शोधायचे असते. बोळके, चिंध्यांची बाहुली, रिकामा पितळी डबा यांत हाच गुण आहे. गप्प बसावे म्हणून हाती दिलेल्या भ्रमणध्वनीत तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये वर्षाखालील बाळांना पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले.

ताराबाई मोडक यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केल्यानंतर १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने वारली आदिवासींच्या पाड्यावर कोण आणणार? ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या, खडे यांनाच साधने केले. मुले बिया मोजत, शिंपले लहान-मोठे लावीत. साधन स्वस्त झाले म्हणून शिक्षण हलके झाले नाही.

पण याच बिया आणि शिंपले वर्षाच्या बाळाच्या हाती घातक आहेत. एका खोलीत दोन मुले वाढवणाऱ्या घरापुढचा खरा पेच हाच आहे. चार वर्षांच्या ताईला चिंचोक्यांचा पट हवा, मण्यांची माळ ओवायला हवी, आणि रांगणारा भाऊ तिच्या मागेमागे असतो. तिची खेळणी काढून घेणे हा तिच्यावर अन्याय होतो. जमिनीवर राहू देणे त्याच्या जिवावर बेतू शकते. मग अशा घरांत ताईसाठी एक झाकणाचा डबा येतो आणि तो फडताळाच्या वरच्या खणात बसतो. ती खाटेवर चढून खेळते, किंवा भाऊ झोपला की जमिनीवर पट मांडते. उठण्यापूर्वी चिंचोके मोजून डब्यात टाकते. बारा मांडले होते, अकराच भरले, की सारे घर गुडघ्यांवर उतरते आणि खाटेखाली, चटईच्या दुमडीत, केरसुणीच्या मागे बारावा शोधू लागते. भावाला तोवर आजीने कडेवर घेतलेले असते. त्याच्या हाती वाटी असते, आणि तो ती आजीच्या खांद्यावर वाजवीत असतो.